नॉर्मन डिमेलोचा क्रूस

कोलशेतच्या खाडीकाठच्या गावठाणातली दफनभूमी लहान. माणसं मरायची थांबत नाहीत आणि जमीन तर वाढत नाही. म्हणून काही वर्षांनी कबर उघडायची, हाडं कोपऱ्यातल्या विहिरीत सोडायची आणि त्याच मातीत नव्या माणसाला जागा द्यायची, ही तिथली जुनी रीत. आधीचा लाकडी क्रूस तोवर वाळवीनं अर्धा खाल्लेला असे. तो काढून टाकत.

या दफनभूमीचं पुस्तक फ्लेव्हियन सांभाळी. कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला, हात काळे झाले, पण अक्षर मोत्यासारखं. क्रूस असे फेकले जाताना बघून त्याच्या जिवाला लागलं. मग कबर उघडायच्या आधी तो प्रत्येक क्रुसाचा फोटो काढू लागला. ज्या वर्षी काढला त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये, मेलेल्याचं नाव देऊन, घरातल्या कम्प्युटरवर ठेवू लागला. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ज्यांच्या कबरी उरल्या नव्हत्या ती माणसं त्याच्या ओसरीवर येत. तो नाव शोधून फोटो उघडी. माणसं पडद्यासमोर मेणबत्ती लावून बसत. मेण की-बोर्डवर सांडे, ते तो दुसऱ्या दिवशी सुरीनं खरवडून काढी. कुणाला कधी बोलला नाही.

यंदा पावसाळ्यात तो कम्प्युटर धापा टाकायला लागला. सून रोवेना त्याला माजिवड्याला जयेशच्या दुकानात घेऊन गेली. लॅपटॉप घेतला.

जयेश म्हणाला, "काका, फोटो एकट्या याच्या भरवशावर ठेवायचे नाय. बाहेरची हार्ड डिस्क घ्या. आणि जुनी डिस्क मी काढून कव्हरमध्ये घालून देतो, ती पण वायर लावून चालेल. दोन ठिकाणी असलेलं बरं."

"एक माणूस दोन कबरींत पुरतात काय रे?"

"मग इंटरनेटवर टाकू?"

"आमची माणसं परक्याच्या गोडाऊनात नको."

"पप्पा, ऐका ना त्याचं," रोवेना म्हणाली. पण फ्लेव्हियननं आयुष्यात कुणा कारागिराचं ऐकलं नव्हतं, कारण कारागीर तो स्वतः होता.

फोटो त्यानं स्वतःच नव्या डिस्कवर नेले. नाव पटकन सापडावं म्हणून वर्षांचे फोल्डर मोडून सगळं एकाच ठिकाणी घातलं. मध्ये कम्प्युटरनं विचारलं, या नावाचं इथं आधीच आहे, त्याच्या जागी नवं ठेवू का? फ्लेव्हियनला त्यात वावगं काही वाटलं नाही. नवा आला की जुना उठतो, हे तो जन्मभर बघत आला होता. सगळ्यांसाठी 'हो' म्हणून त्यानं बटण दाबलं. जुना कम्प्युटर पुसून भंगारात गेला.

दोन नोव्हेंबरला पहिली आली ती ज्युलियाना. दिवा गावाहून, दरवर्षीसारखी. तिचा पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला होता. गावच्या रिवाजाप्रमाणे त्याला आजोबांचं नाव दिलेलं, नॉर्मन. जिवंतपणी त्याचा फोटो कुणी काढला नाही. त्याचं म्हणून जगात एवढं एकच चित्र होतं, त्याच्या क्रुसाचं.

पडद्यावर क्रूस उघडला. ती बघत राहिली.

"फ्लेव्ही, हा सासऱ्यांचा."

फ्लेव्हियननं चष्मा वर केला. नॉर्मन डिमेलो, वय एक्क्याऐंशी. त्यानं पुन्हा शोधलं. त्या नावाचा दुसरा फोटो नव्हता. बटण दाबलेलं बोट त्याला आठवलं. तो सगळं सांगत गेला, तिच्याकडे न बघता.

"म्हणजे म्हातारा तिथं पण वर येऊन झोपला," ज्युलियाना म्हणाली. "घरात पण पंख्याखालची जागा त्यालाच लागायची."

ती हसली नाही. फ्लेव्हियनही नाही.

"तू काढलेलास ना फोटो? मग सांग कसा होता."

त्यानं डोळे मिटले. शेकडो क्रूस त्यानं टिपले होते, आणि टिपले म्हणून एकही मनात ठेवला नव्हता. "लहान होता," तो एवढंच म्हणाला.

"निळा रंग होता. आमच्या होडीचा उरलेला." ती थांबली. "नाव आडव्या पट्टीवर होतं की खाली?" तिनं त्यालाच विचारलं, आणि मग कळलं की तिलाही आठवत नाही. दरवर्षी इथं येऊन बघायचं, मग आठवायचं कशाला, असं तिचंही झालं होतं.

रोवेनानं चहा आणून ठेवला. ओसरीवर आणखी दोन बायका येऊन थांबल्या होत्या, हातात मेणबत्त्या. फ्लेव्हियन त्यांच्याकडे बघून त्यांच्या घरातली नावं आठवू लागला, कुठलं नाव कुणावरून ठेवलेलं.

ज्युलियानानं आणलेली मेणबत्ती परत पिशवीत घातली. "विहिरीपाशी लावते," ती उठत म्हणाली. "पुढच्या वर्षी परस्पर तिकडेच जाईन. तुला त्रास नको."

ती पायरी उतरली. पुढची बाई आत येऊन त्या खुर्चीत बसली आणि तिनं नाव सांगितलं.