मामांचं सड्यावरचं कॉलेज

आमच्या मामांएवढं मोठं कॉलेज त्या काळात अख्ख्या कोकणात कुणाकडे नव्हतं. त्याला फक्त भिंती नव्हत्या. घाटावर नवीन विद्यापीठ निघालंय, ते ठिकठिकाणी कॉलेजांना परवानगी देणार, एवढं कानावर आलं आणि मामांनी धामापूरच्या वाटेवरच्या आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चुन्याच्या रेघा मारून खोल्या आखल्या. लायब्ररीत ते वहाणा काढून जायचे. म्हशी आत शिरल्या की "गो, वर्ग चालू आसा!" म्हणून ओरडायचे. एकदा खुद्द मामी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन आडवी निघाली, तर म्हणाले, "गो, भिंतीतसून खंय चललंस? दारान ये!" मामी जे बोलली ते छापण्याजोगं नाही.

या कॉलेजचा सल्लागार मी. मुंबईत इंटरला दोनदा आपटी खाऊन मामांकडे येऊन पडलो होतो, पण कॉलेज आतून पाहिलेला गावात मी एकटाच. खरं तर त्यातलं कँटीनच काय ते नीट पाहिलं होतं. पण हे मामांना कोण सांगणार?

मामांचा जीव अडकला होता कुसुममध्ये. ही त्यांची एकुलती एक लेक, मॅट्रिकला तालुक्यात पहिली आलेली. मुंबईला पाठवायची, तर त्यांच्या भावाच्या एका खोलीत आधीच नऊ माणसं. स्थळं येत होती. मामा म्हणायचे, "कॉलेज येवंदे, मगे बगूया."

अखेर विद्यापीठाचे साहेब पाहणीला आले. सगळे मावतील असं छप्पर देवळाचंच, म्हणून सभा तिथं. आणि तिथंच आम्ही माती खाल्ली. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, तेव्हा मानकरी एकेक वाक्य बोलतो आणि बाकीच्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. मानकरी मामाच. साहेबांपुढं उभे राहिले आणि जन्माच्या सवयीने त्याच सुरात सुरू झाले. गावाने साथ दिली. मग साहेब उठले आणि, त्यांनाही काय बुद्धी झाली देव जाणे, तोच सूर धरून विचारू लागले, "पावसात खाडीवरची होडी बंद असते ना?"

"व्हय म्हाराजा!"

"म्हणजे चार महिने मुलं येणार नाहीत?"

"व्हय म्हाराजा!"

मामा हातवारे करून थांबवत होते. उत्तरांचा कागद घेऊन मी पुढंच बसलो होतो. उत्तरं द्यायचं काम माझंच होतं.

"मग कॉलेज दुसरीकडे काढलेलं बरं?"

सगळ्यांत मोठा "व्हय म्हाराजा!" माझा होता.

त्याच वर्षी मार्गशीर्षात कुसुमचं लग्न झालं.

काही वर्षांनी तालुक्याच्या गावी कॉलेज निघालं. पहिल्याच दिवशी मामा मला घेऊन एस्टीने गेले. ऑफिसच्या खिडकीशी कारकुनाने विचारलं, "काय काम, काका?"

मामांनी कचेरीतली शुद्ध भाषा काढली. "मुलीचं नाव घालायचं होतं. उशीर झाला."

"उशीर कसला? अजून आठ दिवस आहेत. घेऊन या तिला."

मामांनी मान डोलावली आणि मागं वळले. कुसुमला तेव्हा दोन मुलं होती.

परतीच्या गाडीत मला राहवेना. म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी घात केला."

ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुजो काय दोष रे? तू तरी खंय शिकललस?"