उत्तरेचा कोपरा

दीलिया गॅननला मी कितपत ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागेल. चाळीस वर्षं आमच्या शेतांमध्ये एकच दगडी बांध होता. ती गुरुवारी कपडे धुते आणि शनिवारी पाव भाजते, हे ठाऊक होतं. त्यापलीकडे फारसं नाही.

तिच्या घराला लागून जुनं चॅपल होतं. छप्पर कधीच गेलेलं, चार भिंती, एक खिडकी आणि दाराची मोकळी जागा तेवढी उरलेली. तिचा नवरा कोलमन वारल्यापासून आतलं गवत मी कापून देत असे. उत्तरेच्या कोपऱ्यात मात्र ती मला जाऊ देत नसे.

"तुझा हात जड आहे, फेस्टी," म्हणायची, आणि गुडघे टेकून विळ्याने स्वतः कापायची. माझ्या कामावर हिचा भरवसा नाही, असं मला वाटे. मनाला थोडं लागायचंही.

पुढे गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा तिने गावातल्या वृद्धाश्रमात जायचं ठरवलं. शेती कोलमनचा पुतण्या एंडा बघणार होता. वाऱ्यापावसात गुरं चॅपलमध्ये उभी करायचा त्याचा बेत होता. ते कळलं त्या दुपारी तिने मला कोपऱ्यात नेलं आणि काठीने एक ओबडधोबड दगड दाखवला.

"माझी मुलगी. जन्मली आणि बाप्तिस्म्याआधीच गेली. फादरांनी दफनभूमीत जागा दिली नाही. कोलमनने खोक्यातून इथं आणली. मला पलंगावरून उठू दिलं नव्हतं."

मी टोपी काढली.

"हिच्यावर गुरं उभी राहायला नकोत. एंडाला कारण सांगू नकोस. माझ्यामागे काय सांगायचं ते सांग."

एंडाशी बोलायला मला दोन आठवडे लागले.

"आतलं गवत गुरांना बाधतं," मी म्हणालो.

"एवढं सांगायला घाम फुटला होय, काका? मला वाटलं, लग्नबिग्न ठरवलंत."

पण दुसऱ्याच दिवशी त्याने चॅपलच्या दाराला तारेचं कुंपण ठोकलं.

त्यानंतर दीलियाला मी एकदाच भेटलो, वृद्धाश्रमात, एका रविवारी. मंगळवारी ती वारली. त्या रविवारी ती अंगात कोट घालून खिडकीशी बसली होती.

"गुरं कुठं आहेत?"

"खालच्या कुरणात. चॅपलला तार लावलीय."

"बरं." तिने कोटाची बटणं सोडली. "चहा घे, गार होतोय."

"घेतो."