चौकटी मी उभ्या वाचल्या

मैत्रिणींनो, आपल्या मंडळाची फिरती वही आज माझ्याकडे आली आहे, म्हणून आजचंच लिहिते.

सकाळी वाचनालयातून तीन चित्रकथा आणल्या. राजाच्या गोष्टीत चारही राण्यांचं तोंड एकच होतं, लुगड्याच्या रंगावरून ओळखायच्या. भुताच्या गोष्टीत मला भुताचीच कीव आली. तिसरी एका फौजीची होती.

मी वाचायला शिकले ती वर्तमानपत्रावर. तिथे रकाना वरून खाली वाचतात. फौजीच्या गोष्टीतल्या शेवटच्या पानावरच्या चार चौकटीही मी तशाच वाचल्या. फौजी एसटीतून उतरला. मग गोळी लागून पडला. त्यानंतर घरी बसून भाकरी खाल्ली. शेवटी आई दारात उभी होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेजारच्या सखूबाईंना म्हटलं, "बरं झालं, पोरगा घरी आला."

त्या पान पाहून हसल्या. "आवं वैनी, मेलेला मानूस भाकरी खातोय व्हय? आडवं वाचा की! त्यो आधी रजेवर आलाय, मरलाय मागनं."

मग एकदम पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. आमचे हे लढाईत गेले, त्याला पाच वर्षं झाली.

"चुकलंच माझं," मी म्हटलं. रडू आलं नाही. हल्ली येतच नाही.

त्या गेल्यावर पान आडवं वाचलं. त्यांचंच बरोबर होतं. मग मी ते पुन्हा उभं वाचलं.

चूक कळल्यावरही तुमच्यापैकी कुणी तसंच वाचत राहिलं आहे का?