साडभाऊंच्या गाडीचं नवं इंजिन

आमच्या साडभाऊंइतका उशिरा पोचणारा, आणि तरीही सगळ्यांच्या आधी आल्यासारखा चेहरा करणारा माणूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे या नात्याला साडू म्हणतात, पण त्या दोन अक्षरांत आमच्या साडभाऊंचा देहही मावत नाही आणि आवाजही. वरूडला वडिलांपासून चालत आलेला संत्र्यांचा व्यापार, राहणं अमरावतीत, अंगात पांढरा शर्ट आणि खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. पहिल्या भेटीपासून ते मला ‘मॅनेजर’ म्हणत. मी तेव्हा अकोल्याच्या एका बँकेत साधा क्लार्क होतो. तसं सांगितल्यावर म्हणाले, “व्हाल ना बाप्पा कधीतरी. मंग मले पुन्हा तोंडाची सवय बदला नाई लागन.”

चालू असलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्यांना तिच्यावर विश्वास बसत नसे, आणि बंद पडलेली दिसली की ते यजमान, पाहुणे, पंगत सगळं विसरत. एकदा मे महिन्यात आमच्याकडे जेवायला आले. आमचा पंखा थोडा कुरकुरत होता. पानं मांडेपर्यंत तो पंखा वर्तमानपत्रावर सुटा होऊन पडला होता, आणि अकोल्याच्या त्या उन्हात आम्ही सगळे पुठ्ठ्यांनी वारा घेत आमरस खात होतो. ते मात्र घामाच्या धारांत प्रसन्न बसले होते. “आवाज होता म्हंजे आत काहीतरी सांगून राहिला होता तो,” म्हणाले. “ऐकून घ्या लागते.” खरं सांगायचं तर तो पंखा त्यानंतर एकदाही कुरकुरला नाही. यंत्राचं ऐकून घ्यावं ते साडभाऊंनीच.

अशा माणसाच्या हाती ती गाडी लागली, हे विधिलिखितच असणार. नागपूरला संत्री उतरवायला ते ट्रकबरोबर गेले होते, आणि एका बंगल्यामागच्या शेडमध्ये त्यांना ती दिसली. मालक परदेशी निघून गेलेले, गाडीवर कबुतरांचं राज्य. संत्री घेऊन गेलेला ट्रक परत आला तो ही गाडी घेऊन. इटलीत बनलेली, आमच्या लग्नाच्याही आधीची, लाल, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की शेजारी म्हैस उभी राहिली तर पलीकडून दिसू नये. तिचं इंजिन पुढं नव्हतं आणि पार मागंही नव्हतं. बसणाऱ्याच्या पाठीला लागून, मागच्या चाकांच्या पुढं होतं. हे साडभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत आणि कुणालाच पटत नसे. एकदा पेट्रोल पंपावरच्या एका गृहस्थांनी कौतुकानं पुढचं झाकण उघडायला लावलं. आत संत्र्यांची पिशवी आणि स्टेपनी. ते गृहस्थ फार गंभीर झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “भाऊ, तुमचं इंजिन कोनी काढून नेलं.”

त्या इंजिनाला मात्र वऱ्हाड कधी मानवलं नाही. कार्बोरेटर तापला की पेट्रोलची आतल्या आत वाफ होई आणि गाडी जिथं असेल तिथं उभी राही. मग साडभाऊ उतरत, ओलं फडकं आत ठेवत, आणि इंजिन निवेपर्यंत दोघं नवराबायको एखाद्या झाडाखाली बसून राहत. दोघं म्हणजे ते आणि आमच्या ताई. ताई अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत, म्हणून साडभाऊही त्यांना ‘मॅडम’च म्हणत. उन्हाळ्यात त्या गाडीत बसणं म्हणजे पाठीला शेगडी बांधून प्रवास करणं. पण ताई कधी कुरकुरल्या नाहीत. रस्त्यात थांबल्या की तपासायच्या वह्या काढत, साडभाऊ संत्रं सोलून देत. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या होत्या, “यांच्या गाडीत बसलं की निघायची वेळ माहीत असते, पोचायची आपल्या हातात नसते. पण माणूस घरी कुठं इतका वेळ शेजारी बसतो?” साडभाऊ तिथंच उभे होते. त्यांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं असावं.

आमच्या मुलीचं लग्न अकोल्यात होतं. सख्ख्या मावशीनं अंतरपाटाजवळ उभं राहायचं ठरलेलं. सगळे म्हणाले, रेल्वेनं या. साडभाऊ म्हणाले, “सकाळच्या गारव्यात निघतो, बिनघोर राहा.” मूर्तिजापूरच्या अलीकडं गाडी थांबली ती थांबलीच. फोनवर फोन झाले, गुरुजींनी जमेल तेवढी कळ काढली, शेवटी अक्षता पडल्या. ताई आल्या तेव्हा पंगत बसली होती. एका ओळखीच्या जीपमधून आल्या होत्या, शालूवर धूळ. मुलीला जवळ घेतलं, तिचं मंगळसूत्र नीट केलं, आणि वाढायला लागल्या. मागून साडभाऊ आले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उशिरा आलेल्या माणसासारखा होता. हात धुताना मला म्हणाले, “मॅनेजर, मॅडम काही बोलल्या असत्या तं बरं झालं असतं. त्या बोलतच नाई राहिल्या.”

त्यांनी गाडी विकली नाही. तिचं इंजिनच बदलायचं ठरवलं. अपघातात मागचा भाग चेपून मोडीत निघालेल्या, आपल्याकडच्याच एका नव्या, छोट्या गाडीचं धडधाकट इंजिन त्यांनी मिळवलं. आरटीओत रीतसर परवानगीसाठी हेलपाटे घातले. ताईंना सांगितलं, “आता तुमाले चिखलदऱ्याले नेतो, नागपूरले नेतो, तुमी म्हनसाल तिथं नेतो. रस्त्यात चाक थांबलं तं नाव बदलून ठेवा.” ताईंची निवृत्ती जवळ आली होती. त्यांनी लगेच कुठं कुठं जायचं ते ठरवलं आणि पहिलं नाव घेतलं रिद्धपूरचं. त्यांचं माहेर महानुभाव पंथाचं. लहानपणी वडिलांबरोबर त्या तिथं दर्शनाला जात.

इंजिन बदलणं म्हणजे पंपाची मोटर बदलणं नव्हे, हे साडभाऊंना हळूहळू कळत गेलं. नवं इंजिन जुन्या जागेत बसेना, म्हणून आधार कापून नवे केले. ते जुन्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून मधे बसवायची जाड पट्टी लेथवर करून घेतली. ती दोनदा चुकली. पाणी थंड करायचा रेडिएटर पुढं आणि इंजिन मागं, त्यामुळं गाडीच्या पोटातून नळ्यांचा संसार. आणि सगळ्यात अवघड त्याचा मेंदू. हल्लीच्या इंजिनांना एक छोटा संगणक असतो आणि तो आपली किल्ली ओळखली तरच हलतो. जेवणाच्या टेबलावर वायरींचं जाळं पसरलं, ताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानंच जेवू लागल्या. एका दुपारी बँकेत ऐन गर्दीत मला साडभाऊंचा फोन. “मॅनेजर, सगळं जोडलं. पन इंजिन मले ओळखूनच नाई राहिलं.” मी म्हटलं, घरातले तरी ओळखतात का? ते हसले. मीही हसलो. गोष्ट हसण्यासारखीच वाटत होती.

ताईंचे गुडघे त्याच काळात दुखायला लागले होते. आधी जिने टाळू लागल्या, मग खाली बसणं सुटलं. निवृत्तीच्या समारंभाला खुर्चीतून उठताना त्यांनी माझ्या बायकोचा हात धरला, तेव्हा तिनं डॉक्टरचं काढलं. ताई म्हणाल्या, “हे म्हणतात, गाडी झाली की नागपूरच्या डॉक्टरकडे तिच्यातच जाऊ. थोडंच राहिलं आहे आता.” गाडीचं थोडंच राहिलं आहे, असं म्हणता म्हणता दुसरी दिवाळीही येऊन गेली.

आणि मग ती चालू झाली. एका किल्लीत, खोकल्याशिवाय, आणि उन्हात उभी ठेवली तरी पुन्हा तशीच. साडभाऊ एकटेच मूर्तिजापूरच्या पुढं जाऊन परत आले आणि दाराशी उभे राहून म्हणाले, “मॅडम, चाला. रिद्धपूर.” आम्ही दोघं त्या दिवशी मुद्दाम अमरावतीला गेलो होतो. ताई चॉकलेटी रंगाची साडी नेसून, ताम्हण घेऊन आल्या. गाडीला हळदकुंकू लावलं. साडभाऊंनी दार उघडलं. ती सीट जमिनीपासून फार तर वीतभर उंच. ताईंनी एक पाय आत टाकला, दाराला धरलं, आणि वाकायला गेल्या. वाकता येईना. पुन्हा प्रयत्न केला. साडभाऊंनी पाठीमागून आधार दिला तेव्हा त्यांच्या तोंडून बारीकसं ‘आई गं’ निघालं आणि त्यांनी ओठ मिटले. पाय बाहेर काढून त्या सरळ उभ्या राहिल्या. “राहू द्या,” म्हणाल्या. “तुमी एक चक्कर मारून या. मी चहा ठेवते.”

साडभाऊंनी चक्कर मारली नाही. त्यांनी त्याच दिवशी सीट उचलायला घेतली. सीट वर आली तर डोकं छताला लागे. दार मोठं करता येईल का ते पाहिलं, छत कापायचीही गोष्ट काढली. शेवटी ताईच म्हणाल्या, “काहो, गाडी माझ्या मापाची नका करू. तिचं रूप जाईन.” मग आमच्या साध्या गाडीतून ते नागपूरच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, उशीर केला, आधी आला असता तर इतकं झिजलं नसतं. ऑपरेशन झालं, ताई चालू-फिरू लागल्या. पण खाली वाकून बसायचं नाही, बुटक्या सीटवर तर कधीच नाही, असं त्यांना बजावलं गेलं. दवाखान्याच्या बाकावर साडभाऊ माझ्याशेजारी बसले होते. बराच वेळ हाताला लागलेलं काळं नखानं खरवडत राहिले. “दोन वर्सं मी गाडीचा रोग पायत बसलो, मॅनेजर,” म्हणाले. “हे बाई भिंतीले धरून धरून चालत होती, माह्या समोरून. मले दिसलंच नाई.” मी त्यांना कॅन्टीनमध्ये घेऊन गेलो आणि चहा पाजला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही रिद्धपूरला गेलो. ताईंनीच ठरवलं तसं. त्या आमच्या गाडीत माझ्या शेजारी बसल्या, बायको मागं, आणि साडभाऊंना त्यांनी हुकूम केला की तुम्ही लाल गाडी घेऊन पुढं चला. ते नको म्हणत होते. “इतकी वर्सं तिच्यात बसले,” ताई म्हणाल्या, “पन चालताना कशी दिसते ते कधी पाह्यलंच नाई.” त्या वाटभर पाहत राहिल्या. वळणावर ती लाल गाडी उन्हात चमकली की त्यांच्या चेहऱ्यावर वर्गातल्या हुशार मुलीकडं पाहावं तसं काहीतरी येई. मधे एकदा साडभाऊंनी गाडी कडेला घेतली, उतरले, आणि आमच्या खिडकीशी येऊन वाकले.

“काय झालं?” मी विचारलं.

“काई नाई. गाडी चांगली आहे.” मग माझ्या पलीकडं, ताईंकडं पाहत म्हणाले, “कशी दिसते?”

“चांगली दिसते,” ताई म्हणाल्या. “जा आता.”

ते गेले. मनात आणलं असतं तर ते इंजिन आम्हाला धुळीत सोडून दिसेनासं झालं असतं. पण साडभाऊ इतक्या सावकाश चालवत होते की कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर त्यांना ओलांडून पुढं गेला, मग आणखी एक गेला. ते कडेनं जात राहिले, शेजारची सीट रिकामी ठेवून, आरशात आमच्याकडं बघत.