समुद्रासाठीची पूड

विमान पडलं तेव्हा मी भाकरी थापत होते. मला वाटलं, खाणीत सुरुंग लावला. वणीकडचे सुरुंग आमच्या गावापर्यंत ऐकू येतात, भांडी हलतात. पण ते दुपारी उडतात, आणि ही सकाळ होती. थोड्या वेळाने लोक पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांकडे पळताना दिसले. मी तवा उतरवला आणि दारात उभी राहिले. मी सहसा दारापर्यंतच जाते.

विमान लहान होतं, पांढरं, एका पंख्याचं. ते गावातल्या कृषी केंद्राच्या मालकाच्या वावरात पडलं होतं. त्या माणसाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आदल्या हंगामात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळीने सगळे हैराण होते. या मालकाने बाबांना औषधाच्या दोन बाटल्या दिल्या आणि एकाच पंपात मिसळून मारायला सांगितलं. उंच झाडांवर फवारा मारताना तो सगळा तोंडावर येतो. चौथ्या दिवशी बाबांना दिसेना. यवतमाळच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून ते घरी आले. उजवा डोळा गेला होता, आणि डाव्याने दिवस आहे की रात्र एवढं कळायचं. मी तेव्हा यवतमाळलाच होते, हॉस्टेलवर. पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकलेली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला.

नंतर गावात चौकशीला साहेब आले. विहाराच्या ओसरीवर बाबांसकट सगळ्यांना बसवलं. मालकाने बाटली आणली आणि साहेबांसमोर फिरवून दाखवली.

"हे पाहा साहेब, बाटलीवर सगळं लिहून हाये. मास्क लावा, हातमोजे घाला, दुसऱ्या औषधात मिसळू नका. आता कोणी वाचतच नसन तर दुकानदारानं काय करावं?"

साहेब म्हणाले, "अहो, हे इंग्रजीत आहे."

"मंग? याची पोट्टी यवतमाळले इंग्रजी शाळेत शिकून राह्यली ना बाप्पा! एवढी फी भरली, बाटली नाही वाचता येत का तिले?"

लोक हसले. सगळे नाही, पण हसले. मी मागे पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. बाबांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली होती, पण ते बघत होते भिंतीकडे. चौकशी तिथेच संपली. मी परत कॉलेजला गेले नाही. वर्षभर घरी भाकऱ्या थापल्या आणि ते वाक्य रोज आठवलं. दुसऱ्या कुठल्याही माणसाचा मी इतक्या मन लावून विचार केलेला नाही.

तर विमान त्याच्या वावरात पडलं. तोच पहिला पोचला. आत एक गोरा माणूस होता, जबडा मोडलेला, बेशुद्ध. मालकाने आणि त्याच्या गड्यांनी दार तोडून त्याला बाहेर काढलं, टेम्पोत गादी टाकली आणि वणीला नेलं. तिथून त्याला नागपूरला हलवलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे ते आहे.

एक गोष्ट मात्र मालकाने गावात कुणाला सांगितली नाही. विमानातली एक नारिंगी पिशवी त्याने घरी नेली होती.

पोलीस आले तेव्हा विमानात मागच्या सीटा नव्हत्या. त्यांच्या जागी पत्र्याची मोठी टाकी बसवलेली होती. ठाणेदारांनी बघितल्याबरोबर सांगितलं, "सीटा काढल्या म्हणजे माल होता." दुपारपर्यंत ड्रग्जचं विमान म्हणून ती बातमी वणीला पोचली, आणि संध्याकाळी आमच्याच गावात परत आली तेव्हा त्यात दोन बंदुका आणि एक बाई वाढली होती.

दुसऱ्या दिवशी मालकाचे हात हिरवे दिसले. पोपटासारखे हिरवे, मनगटापर्यंत. पारावर लोकांनी त्याला सोडलं नाही.

"काहून भाऊ, मेंदी कच्ची राह्यली का?"

"विमानातला गांजा चोळला असन बे त्यानं!"

तो हसला नाही. घाईने निघून गेला. तासाभरात पोलीस त्याच्या गोदामात होते. कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. सुचलं असतं तर सांगितलं असतं.

झडतीला दोन पंच लागतात. एक पोलीस पाटलांनी दिला. दुसरा इंग्रजी वाचणारा हवा होता, म्हणून हवालदार आमच्या दारात आला.

"बाई, पाच मिनिटांचं काम हाये. नुसतं वाचून सांगाचं."

मी ओढणी नीट केली आणि गेले.

गोदामात बादली होती, आणि बादलीतलं पाणी इतकं हिरवं की आतून उजेड येतोय असं वाटावं. फरशीवर हिरवे पाय उमटलेले. नारिंगी पिशवीतून निघालेल्या सात पुड्या एका पोत्यावर मांडल्या होत्या. एक फोडलेली होती. आतली पूड विटेच्या रंगाची. मालक भिंतीला टेकून उभा होता.

"साहेब, मले वाटलं बाहेरदेशी औषध असन. चिमूटभर पाण्यात टाकून पाह्यली. आईची आन!"

खरंच त्याला तसंच वाटलं असणार. पुडी दिसली, इंग्रजी दिसलं, की त्याला पऱ्हाटीच दिसते. ते औषध कपाशीवर कसं चालतं ते बघून तो पुढच्या हंगामात दुप्पट भावाने विकणार होता.

हवालदाराने एक पुडी माझ्या हातात दिली आणि लाल चौकटीवर बोट ठेवलं. "हे काय हाये?"

मी वाचून अर्थ सांगितला. तोंडात जाऊ देऊ नका. डोळ्यांत जाऊ देऊ नका. लहान मुलांपासून दूर ठेवा. गरज नसताना उघडू नका. हवालदार लिहीत गेला.

"अन् दुसऱ्या बाजूले?"

मी पुडी उलटली. तिथे मोठ्या अक्षरांत चार ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा: विमान समुद्रात उतरवावं लागलं तर ही पूड पाण्यात सोडा. पाण्यावर हिरवा डाग पसरेल आणि शोधायला आलेल्या विमानाला तुम्ही वरून दिसाल. इंग्रजी शाळेतल्या पहिलीच्या मुलालाही वाचता आलं असतं.

मी ते दोनदा वाचलं, मनात. मग मालकाकडे बघितलं. तो माझ्याकडे आशेने बघत होता. गावात वर्षभर ज्या पोरीकडे त्याने ढुंकून बघितलं नव्हतं, तिच्याकडे.

"पाण्यात सोडायचं, असं लिहिलंय," मी म्हणाले.

"आणखी?"

"आणखी काय, वापरायची पद्धत आहे."

एकही शब्द खोटा नव्हता. हवालदाराने खाली लिहिलं, इंग्रजी जाणणाऱ्या पंचाने सांगितल्याप्रमाणे पदार्थ घातक असून पाण्यात मिसळून वापरण्याचा आहे. मी सही केली. माझी सही फार सुंदर आहे, शाळेत घोटून घेतलेली. मालकाला जीपमध्ये बसवलं तेव्हा त्याने हिरवे हात लपवायला रुमाल मागितला. कुणी दिला नाही.

तो चार दिवस ठाण्यात होता. रोज त्याची बायको डबा घेऊन आमच्या दारावरून एसटीला जायची, आणि मी दारात उभी राहून बघायची. पहिल्या दिवशी ती इस्त्रीच्या साडीत होती. तिसऱ्या दिवशी केसही नीट विंचरलेले नव्हते. मला बरं वाटायचं. जेवण गोड लागायचं, झोप लागायची. वर्षभरात पहिल्यांदा.

बाबा रोज संध्याकाळी खाटेवरून विचारायचे, "सुटला का थो?"

"नाही."

"मारत असतीन का?"

"माहीत नाही."

"वहिनी गेली वाटते आज बी. चप्पल वाजली तिची." मग कुशीवर वळून म्हणायचे, "वाईट झालं. काही झालं तरी गावचा माणूस हाये."

बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला हाताला धरून ठाण्यात नेलं असतं, अशी माझी खात्री होती. चांगल्या माणसाच्या घरात सूड फार सांभाळून ठेवावा लागतो.

पाचव्या दिवशी विमानांच्या अपघातांची चौकशी करणारे एक वयस्कर अधिकारी आले. ते आधी नागपूरला थांबले होते, वैमानिकाने कागदावर लिहून त्यांना सगळं सांगितलं होतं. विमान विकलेलं होतं. विकत घेणाऱ्याकडे, दोन समुद्र ओलांडून, पोचवायचं होतं. लांबच्या पल्ल्यासाठी सीटा काढून इंधनाची टाकी बसवली होती. ढगांत वाट चुकली, इंजिन बंद पडलं. संपलं. बंदुका नाहीत आणि बाईही नाही.

त्यांनी ठाण्यात पंचांना बोलावलं. पुडी उचलली, चार ओळींची बाजू वाचली आणि हसले. मग पंचनामा वाचला आणि हसायचे थांबले. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, त्यामुळे खोलीत बाकी कुणाला कळलं नाही.

"ही बाजू तू वाचली होतीस?"

"हो, सर."

"मग इथे ती का नाही?"

"त्यांनी आणखी काय म्हणून विचारलं. मी वापरायची पद्धत आहे म्हणाले. ती पद्धतच आहे, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "त्या माणसाशी तुझं काही भांडण आहे?"

"नाही, सर. आम्ही कधी बोललोच नाही."

त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. ठाणेदारांना मराठीत म्हणाले, "शोधपथकाला खूण दाखवायचा रंग आहे. सोडा त्यांना." माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. का, ते मला आजही माहीत नाही. मी घाबरले होते का? हो. पण घाबरल्यामुळे मी काही वेगळं सांगितलं असतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी मालक आमच्या घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. हिरवा रंग आता फक्त नखांत उरला होता. तो बाबांच्या खाटेजवळ खुर्चीवर बसला. वाळला होता, आवाज उतरला होता.

"तुह्या पोरीच्या इंग्रजीनं वाचवलं रे मले. त्या मोठ्या साहेबासंग अशी फाडफाड बोलली म्हणते! हवालदारच सांगत होता. साहेबानं लगेच सोडलं."

मी चहा घेऊन आले होते. त्याने मला हात जोडले आणि कप घेतला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला काहीच माहीत नाही. ते चार दिवस त्याच्यासाठी नुसते वाईट दिवस होते, कुणालाही येतात तसे. कुणी, कशासाठी आणले, हे न कळता तो पेढे वाटून मोकळा होणार होता. हे मला सहन झालं नाही.

"काका," मी म्हणाले, "तो रंग आहे, हे पुडीवर मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. गोदामात. तुम्ही समोर होता."

कप ओठाजवळ थांबला.

"वाचलं होतं?"

"पूर्ण."

"मंग सांगितलं काहून नाही?"

मी बाबांच्या डोळ्यांकडे बघितलं. त्यानेही बघितलं. दुसरं उत्तर द्यायची गरज पडली नाही.

"त्या गोऱ्याले मी बाहेर काढलं होतं, पोरी," तो हळू म्हणाला. "मेला असता थो."

"माहीत आहे."

"तरी?"

"तरी."

त्याने कप जमिनीवर ठेवला, भरलेलाच. उठला, चप्पल शोधताना दाराला धडकला आणि गेला. पेढे खाटेवर राहिले. आता बाबा बोलणार, माणुसकीचं काहीतरी, आणि मला ते ऐकून घ्यावं लागणार, असं वाटून मी तिथेच उभी राहिले.

बाबांनी चाचपडत पुडा शोधला, एक पेढा तोंडात टाकला.

"पयल्याच दिवशी सांगाचं ना माय," ते म्हणाले. "चार दिवस मी उगाच त्याची कीव करत राह्यलो."