पडवीतली कोळिष्टकं

जगातली सगळी घरं मुळात पक्ष्यांची असून माणसं तिथे भाड्याने राहतात, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि नेमकी त्याच्याच घरात मी माझी मुलगी दिली. हे आमचे व्याही. बदलापूर गावात त्यांचं बैठं घर, मागे पडवी आणि तळहाताएवढी बाग. आम्ही स्थळ बघायला गेलो तेव्हा विहीणबाई एकट्याच पुढे आल्या. "यजमान कुठे आहेत?" असं मी विचारलं, तर दारातली जास्वंद दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोला साहेब, मादी बसलीय." बायकोची जुनी हिरवी साडी डोक्यावरून गुंडाळून, कॅमेरा डोळ्याला लावून व्याही झुडपात बसले होते. चहाही त्यांनी तिथेच घेतला. लग्नाची बोलणी आम्ही कुजबुजतच केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं असेल, मुलगी पळवायचा कट शिजतोय.

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं संध्याकाळी शिवमंदिराकडे जाऊन बसतात; यांनी उल्हासनगरला जाऊन हातभर लांब लेन्स आणली. "चाचा, चिडिया तो इतनी सी है," दुकानदाराने बोटाचं पेर दाखवून काळजीने सांगितलं होतं म्हणे. फाल्गुन लागला की व्याह्यांना ना जेवण सुचायचं, ना नातीगोती. सख्ख्या पुतणीच्या हळदीला ते गेले नाहीत, कारण शिंपी पक्ष्याच्या जोडीने त्याच सकाळी पहिलं पान शिवायला घेतलं होतं.

पण खरा जीव शिंजिरावर. अंगठ्याएवढी शिंजिराची मादी कोळिष्टकं ओढून नेऊन घरटं विणते, म्हणून पाडव्याच्या साफसफाईत पडवीतल्या एकाही कोळिष्टकाला हात लावायचा नाही, असा व्याह्यांचा हुकूम. "सामान आहे ते तिचं," ते म्हणायचे. सगळं गाव घर घासूनपुसून गुढी उभारायचं आणि यांच्या पडवीत झुंबरं लोंबायची. "आमच्याकडे कोळी पाळलेत," विहीणबाई पाहुण्यांना सांगायच्या. लांब दांड्याचा झाडू घेऊन त्या चोरून एखादा कोपरा साफ करायला जायच्या, तेवढ्यात जास्वंदीतून दबकी आरोळी यायची, "थांब, हलू नकोस!" मग झाडूसकट हात वर धरून त्या तशाच उभ्या. एकदा मला म्हणाल्या, "बघा ना दादा, घर बांधते ती बाईच. नवरा नुसता तारेवर बसून गातो." व्याही तेव्हा त्या नवऱ्याचा फोटो काढण्यात गुंग होते.

गेल्या वर्षी माघात, साध्या तापाचं निमित्त होऊन, विहीणबाई गेल्या. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. लग्नाच्या अल्बममध्ये होता, माझ्या मुलीच्या फोनमध्येही होते, पण व्याही ऐकेनात. "माझ्या हातचा पाहिजे. एवढी वर्षं कॅमेरा गळ्यात घालून फिरलो, तिचा एक तरी असेलच की." ते कॉम्प्युटरपुढे बसले, मी शेजारी. बुलबुल, होले, शिंपी, काड्या, पिसं, उघड्या चोची. एकेक फोटो सरकत होता तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मला त्यांची कीव आली आणि, खरं सांगायचं तर, रागही आला.

शेवटी एक सापडला. पुढे शिंजिराचं घरटं, त्यातला धागा न् धागा स्पष्ट. मागे साडीचा पुसट जांभळा डाग आणि त्यातून वर गेलेला हात, हातात झाडू. चेहरा ओळखूच येत नव्हता. व्याह्यांनी त्या वर गेलेल्या हातावर बोट ठेवलं. "थांबलीय बघा," ते म्हणाले. "माझा फोटो होईस्तोवर थांबलीय."

तोच फोटो पडवीत लागला. तेराव्याला भटजी त्याच्यापुढे गोंधळून उभे राहिले, "यजमान, गंध कुठे लावू?" कोणालाच हसू आलं नाही.

यंदा पाडव्याआधी मी गेलो होतो. फ्रेमभोवती कोळिष्टकं जमली होती. माझी मुलगी झाडू उचलून तिथे पोचली, आणि त्याच वेळी शिंजिराची मादी पडवीत शिरून फ्रेमच्या कोपऱ्यातलं कोळिष्टक ओढायला लागली. त्या घरच्या सवयीने मुलगी हात वर धरून जागच्या जागी थांबली. "व्याही, कॅमेरा!" मी कुजबुजलो. कॅमेरा त्यांच्या मांडीवरच होता. पण ते पक्ष्याकडे बघतच नव्हते. ते उठले आणि त्या घरात मी कधीच न ऐकलेल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हात खाली घे, पोरी. दुखेल."

शिंजीर दचकून उडून गेली.