वर कोणाला दिसत नाही

त्यांनी चप्पल धुतली.

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीशी पडले होते. नुकती शुद्धीवर येत होते. फिट येऊन गेली की आधी आवाज परत येतात, माणसं नंतर दिसायला लागतात. आवाज बायकांचे होते. कोणी म्हणत होतं, कांदा आणा. कोणी म्हणत होतं, कांदा कशाला, चप्पल चालते. आणि माझ्या नाकातोंडावर एक चामड्याची चप्पल दाबून धरलेली होती. घामाचा वास. जीभ चावली गेली होती, तोंडात रक्त होतं. सलवार ओली झाली होती आणि ती ओढून घेण्याइतकीही ताकद हातात नव्हती.

चप्पल आमच्या सोसायटीच्या चेअरमनची होती. ते तिथूनच जात होते, म्हणून बायकांनी त्यांच्याच पायातली मागून घेतली. मी डोळे उघडल्यावर एकीने ती परत त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी ती घातली नाही. दोन बोटांनी उचलली आणि एका पायाने अनवाणी आवारातल्या नळापर्यंत गेले. बायकोला हाक मारून कपड्याचा साबण मागवला. रस्त्याची सगळी घाण लागलेला तळ त्यांनी धुतला नाही. माझं तोंड लागलेली बाजू तेवढी घासली, दोनदा साबण लावून.

मी पडल्या पडल्या बघत होते. बायकाही बघत होत्या. थुंकीचा विटाळ होता की जातीचा, मला कळलं नाही. आम्ही राखीव कोट्यातून आलोय हे सामान चढवायच्या दिवशीच बिल्डिंगभर झालं होतं. दोन्ही असेल. त्यांनाही त्यात फरक करायची गरज वाटली नसावी.

चप्पल झटकत ते परत आले आणि माझ्या अंगावरून बघत शेजारणीला म्हणाले, "चौथ्या मजल्यावरची ना ही? मग बरंय."

काय बरंय, ते मला पुढे कळलं.

हे घर मिळण्याआधी आम्ही उल्हासनगरला होतो, कॅम्प दोनमध्ये. मी आणि आई. वडील मी लहान असतानाच गेले. एका सिंधी शेठचं जीन्स शिवायचं वर्कशॉप होतं आणि त्याच्या डोक्यावर पत्र्याची खोली. वर जायला लोखंडी शिडी. आई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. मी खाली वर्कशॉपमध्ये बसून तयार पँटींचे लोंबणारे धागे कापायची.

फिट्स मला शाळेत असल्यापासून. आईने तेव्हाच ठरवून टाकलं, मुलीला चक्कर येते. शाळेत चक्कर. नातेवाइकांत चक्कर. मुलीची जात, उद्या लग्न करायचंय, फेफरं म्हटलं तर दारात कोण उभं राहील? इथपर्यंत मी समजू शकते. पण आईने डॉक्टरलाही चक्करच सांगितलं. मला बोलूच द्यायची नाही. डॉक्टर विचारायचे मला, उत्तर द्यायची ती. मग अशक्तपणाची इंजेक्शनं, लाल टॉनिक, पालक खा, बीट खा. मी वर्षानुवर्षं टॉनिक पीत राहिले आणि पडत राहिले. कधी मोरीत, कधी रस्त्यात. एकदा पेटत्या स्टोव्हवर. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तो अजून तसाच आहे, चुरगळलेल्या कागदासारखा.

त्या भाजण्यामुळे सरकारी दवाखान्यात पडून राहावं लागलं. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी आई चहा प्यायला गेली ती वेळ साधून मलाच विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ही मिरगी आहे, गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, आणि विस्तव, पाणी, उंची या तिन्हींपासून जपायचं. पहिल्यांदा माझ्या आजाराला कोणी त्याच्या नावाने हाक मारली होती. मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं. आईने मात्र दवाखान्याच्या फाटकाबाहेर येताच बजावलं, हे नाव घरात काढायचं नाही.

पुढे शिडीवरून पडले. गोळ्यांनी फिट्स कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या. शेठ घाबरला. मला म्हणाला, "देख बेटी, काम कर, नीचे बैठ के कर. लेकिन खोली खाली करो. कल कुछ हो गया तो पुलिस मेरे घर आयेगी." माणूस वाईट नव्हता. पण खोली खाली करायला लावलीच.

मग खोल्या बघणं सुरू झालं. अट एकच, तळमजला हवा. बदलापूरला बेलवलीत एक छान खोली होती, दारात पेरू होता. मालकिणीने चहा दिला आणि चहा पिता पिता आडनाव विचारलं. आडनाव कळल्यावर तिला आठवलं की भाचा राहायला येणार आहे. अंबरनाथला एकाने आडनाव चालवून घेतलं, पण माझा हात बघितला. हे कशाने? आई म्हणाली, दूध उतू गेलं. दुधाने इतकं? त्याने खोली दुसऱ्याला दिली. एके ठिकाणी राहायलाही गेलो, पण पहिल्याच महिन्यात अंगणात फिट आली आणि मालकाने आमचं सामान स्वतःच्या हाताने रस्त्यावर आणून ठेवलं. वर म्हणाला, आमच्या घरात लहान मुलं आहेत. जणू मी मुलं खाते.

म्हणून सरकारी घराच्या सोडतीत आईचं नाव लागलं तेव्हा तिने कँटीनमध्ये पेढे वाटले. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या बाजूला, शेतं बुजवून नवीन बिल्डिंगी उठल्या होत्या. आमचं स्वतःचं घर. कोणी आडनाव विचारणार नाही, कोणी सामान बाहेर काढणार नाही. घर निघालं चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिन्याला कठड्याचे गज बसायचे होते ते बसलेच नव्हते. गॅलरीची भिंत माझ्या मांडीला लागायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या तीन गोष्टींतली एक सरकारने शिक्का मारून आमच्या गळ्यात घातली होती.

आई म्हणाली, मिळालंय ते घे. मी घेतलं. भिंतीला धरून चढायची, बसत बसत उतरायची. आणि एक दिवस फिट येऊन पहिल्या मजल्यावरून खाली गडगडले. वर सांगितलेली चप्पल त्याच दिवसाची.

त्यानंतर मी एकटीच सरकारी घरांच्या ऑफिसात गेले. खेटे घातले. शेवटी एका साहेबाने कागद चाळून सांगितलं की आमच्याच बिल्डिंगीत तळमजल्याची एक खोली रिकामी आहे. ज्याला मिळाली होती त्याने ताबा घेतलाच नाही. डॉक्टरचं पत्र आणा, बदलून देता येईल. फक्त सोसायटीची हरकत नको.

मी ती खोली बघायला गेले. दाराला कुलूप होतं, सोसायटीचं. खिडकीतून डोकावले. आत चेअरमनची स्कूटर उभी होती. तिच्यावर जुनी चादर घातलेली, पावसाचा शिंतोडासुद्धा उडू नये म्हणून. बाकी खोली मोकळी. मोरी होती, ओटा होता. जिना नव्हता, गॅलरी नव्हती. मी खिडकीचे गज धरून किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मनातल्या मनात मी तिथं चूलसुद्धा मांडली.

कमिटीची मीटिंग रविवारी चेअरमनच्या घरी भरली. त्यांचंही घर तळमजल्यावरच, तेव्हा तळमजल्याची सोय त्यांना मी समजावून सांगायला नको होती. कमिटीचे लोक सोफ्यावर आणि खुर्च्यांवर. आम्हाला बसा कोणी म्हटलं नाही. आई दाराशी चपला काढून हात जोडून उभी राहिली. मला तिने आधीच बजावलं होतं, तू तोंड उघडू नकोस.

"साहेब, माझ्या लेकीला चक्कर येते. दुसरं काय नाय. पण जिना चढवत नाय तिला."

"चक्कर काय हो, आम्हालाही येते," चेअरमन म्हणाले. सगळे हसले. आईही हसली. तिचं ते हसू मला चपलेपेक्षा जास्त लागलं.

मग ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. ते कधीच आवाज चढवून बोलत नसत. म्हणाले, तळमजला म्हणजे बिल्डिंगचं तोंड. येणारेजाणारे तिथूनच जातात. पाहुणे येतात, पोरीबाळींना बघायला लोक येतात. पोरं खेळत असतात, घाबरतात. मागे या ताई पडल्या तेव्हा माझी मुलगी रात्री जेवली नाही. "वर काय, कोणाला दिसत नाही. तुमचंही झाकलेलं राहतं, आमचंही."

म्हणून बरं होतं. मी वरून पडून मेले असते तरी चाललं असतं. खाली जिवंत दिसायला नको होते.

तेव्हा आई बोलली. ते वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्यासाठी तिला दोषही देणार नाही. तिला ते घर माझ्या जिवासाठी हवं होतं. ती आणखी वाकली आणि म्हणाली,

"साहेब, ती बाहेर येणारच नाय. मी कामाला जाताना भायेरून कुलूप लावीन. कुणाच्या नजरेला पडणार नाय. शब्द देते."

खोलीत कोणीही दचकलं नाही. एक बाई तर मान हलवत होती, तोडगा पसंत पडल्यासारखी. आणि चेअरमन छान हसून म्हणाले, "मग मावशी, कुलूप वरही लागतं की."

माझ्या कानात गरम झालं. आधी वाटलं फिट येणार. फिट नव्हती. राग होता. इतकी वर्षं मला स्वतःचा राग ओळखता येत नव्हता, प्रत्येक वेळी तो मी आजार समजून गिळला होता. शाळेत गिळला, बेलवलीत चहाबरोबर गिळला, नळापाशी गिळला. आणि इथं हे सगळे मिळून मला कुठल्या मजल्यावर कोंडायचं ते ठरवत होते, माझ्या आईला हाताशी धरून.

मी पुढे झाले. आईने माझी ओढणी मागून खेचली. मी ती सोडवून घेतली.

"चक्कर नाही," मी म्हटलं. "मला फेफरं आहे. मिरगी. लहानपणापासून. मी पडते, तोंडाला फेस येतो, कपडे खराब होतात. आणि मला कोणी कुलपात ठेवणार नाही. तुम्ही नाही, आईसुद्धा नाही."

आई मटकन खाली बसली. एवढी वर्षं जपलेलं मी एका दमात सगळ्यांसमोर टाकलं होतं. माझं लग्न, तिची अब्रू, सगळं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

चेअरमन म्हणाले, मीटिंग संपली. हरकत आहे असं लिहून पाठवू.

मी चौथ्या मजल्यावर गेले. शेवटचीच. चटई, उशी, पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची बाटली घेतली आणि बसत बसत, एकेक पायरी, खाली आले. त्या कुलूपबंद खोलीसमोर पॅसेजमध्ये चटई अंथरली. पॅसेज सगळ्यांच्या वाटेचा होता. दूधवाला तिथूनच यायचा, पाहुणे तिथूनच, पोरं तिथूनच. माझ्यामागून वर गेलेली आई खाली आली, मला शिव्या दिल्या, रडली, पाया पडते म्हणाली. मी म्हटलं, पाया पडू नकोस, तुला यायचं तर तूही ये. ती परत वर गेली.

सकाळी चेअरमन ऑफिसला जायच्या कपड्यांत आले. हातात किल्ली. मी दारालाच पाठ लावून बसले होते.

"ताई, बाजूला व्हा. स्कूटर काढायची आहे."

"काढा," मी म्हटलं. "पण परत ठेवू देणार नाही."

"हा तमाशा किती दिवस?"

"खोली माझी होईपर्यंत."

मी बाजूला झाले. त्यांनी स्कूटर काढली, घाईघाईने कुलूप लावलं आणि संध्याकाळी पोलिसांना सांगतो म्हणाले. सांगा म्हटलं. मी पोलिसांनाही हेच सांगणार होते, ऑफिसातल्या साहेबालाही, आणि यापुढे जो कोणी मला काय होतं म्हणून विचारेल त्या प्रत्येकाला. आजाराचं नाव पहिलं, माझं नंतर.

दुपारी तिथंच फिट आली. शाळा सुटायची वेळ होती, पॅसेज भरलेला होता. शुद्धीवर आले तेव्हा पोरं जिन्यावर उभी होती, बायका दारात उभ्या होत्या. एकजण वाकून पायातली काढत होती. मला अजून नीट बोलता येत नव्हतं, तरी मी हात आडवा धरला आणि ती थांबली. मग मी उठून बसले, ओढणीने तोंड पुसलं, चटई सरळ केली आणि पाठ पुन्हा त्या दाराला लावली.